काउंटरच्या अलीकडचा माणूस

९ ऑगस्ट २०२३ रोजी राज्यसभेत डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक मंजूर झालं. लोकसभेने ते दोन दिवस आधीच मंजूर केलं होतं; ११ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि त्याचा कायदा झाला. त्याच ९ तारखेला लोकसभेत अविश्वास ठरावावर भाषणं चालू होती. त्यात गृहमंत्री अमित शहा यांनी यवतमाळ जिल्ह्यात मारेगाव तालुक्यातल्या जळका गावच्या एका बाईंचा विषय काढला. या बाईंच्या शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केली होती. संसदेत त्यांचं नाव पहिल्यांदा घेतलं गेलं ते जुलै २००८ मध्ये, अणुकरारावरून आलेल्या विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी, राहुल गांधी यांच्या भाषणात. तेव्हा बोलणं होतं त्यांच्या घरातल्या गरिबीचं आणि विजेचं. पंधरा वर्षांनी बोलणं होतं ते त्यांना घर, वीज, गॅस नेमका कुणी दिला याचं. दोन्ही वेळा कॅमेरे जळक्याला पोचले आणि दोन्ही वेळा बाईंना आपल्या घरातल्या गोष्टींवर देशासमोर बोलावं लागलं.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते गुपित नाही, देशभर माहीत आहे. पण मारेगाव तालुक्यातल्या एका घरात चूल कशावर पेटते हे दिल्लीत मांडलं गेलं, तेव्हा त्या घरातल्या माणसाला आधी कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. आणि त्याच दिवशी, त्याच संसदेत, माणसाला विचारल्याशिवाय त्याची माहिती वापरू नये असं सांगणारा कायदा पुढे सरकत होता. खासदारांना सभागृहात बोलण्याचं पूर्ण स्वातंत्र्य आहे, ते असायलाच हवं. कायद्याच्या नजरेत या भाषणांमध्ये काहीच गैर नाही. तरीही गरिबाच्या घरातली माहिती म्हणजे चार लोकांची चावडी, ती कुणीही उचलावी, अशी जी समजूत आपल्यात खोल रुजली आहे, ती इथे उघड दिसते. हा कायदा मारेगावात काय करू शकेल आणि काय करू शकणार नाही हे समजून घ्यायचं, तर सुरुवात या समजुतीपासूनच करावी लागते.

शहरात हा विषय निघतो तो हॅकरवरून. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला, बनावट कार्डं वापरून २८ देशांतून पैसे काढले गेले आणि बँकेचे ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. २०२१ मध्ये एअर इंडियाच्या ४५ लाख प्रवाशांची माहिती फुटली. अशा बातम्या वाचल्या की माहितीची चोरी हे कुठेतरी लांब बसलेल्या हुशार गुन्हेगाराचं काम वाटतं. मारेगावात माहिती बहुतेक वेळा चोरीला जात नाही. आपणच ती पिशवीतून काढतो आणि काउंटरवर ठेवतो.

ती पिशवी सगळ्यांच्या ओळखीची आहे. कपड्याच्या दुकानाची, घड्या पडून चुरगळलेली. आत आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा, आठ-अ, जातीचा दाखला आणि पासपोर्ट साइजचे दोन फोटो. मार्डीहून किंवा कुंभ्याहून बाजाराच्या दिवशी आलेली बाई ती पिशवी छातीशी धरून ऑनलाइन केंद्रासमोर उभी असते. नंबर लागला की आतला पोरगा विचारतो, "आधारला मोबाइल लिंक आहे काय?" मोबाइल मुलाकडे आणि मुलगा वणीला कामावर. मग दुसऱ्या कुणाच्या फोनवरून त्याला फोन लागतो, तो ओटीपी सांगतो, बाई तो मोठ्याने पुन्हा सांगते आणि रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना तो ऐकू जातो. स्कॅनर बंद असतो, म्हणून पोरगा आधारचे दोन्ही बाजूंनी फोटो काढतो ते स्वतःच्या मोबाइलवर. ते व्हॉट्सॲपने संगणकावर येतात, डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडतात, तिथून फॉर्मला जोडले जातात. काम झालं. बाई पावती घेऊन बस पकडायला जाते. फोटो मागे राहतात, मोबाइलच्या गॅलरीत, व्हॉट्सॲपमध्ये आणि डाउनलोडमध्ये. बिघडलेली झेरॉक्स टेबलाखालच्या खोक्यात जाते, आणि ते खोकं भरल्यावर कुठे रिकामं होतं हे कुणी बघत नाही.

त्या पोराला दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. तो याच तालुक्यातला आहे, फॉर्ममागे चार पैसे मिळवतो, आणि सरकारची प्रत्येक नवी योजना सगळ्यात आधी त्याच्याच डोक्यावर येऊन आदळते. २०१७ मध्ये कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायला लावले तेव्हा अशाच केंद्रांसमोर रांगा लागल्या. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतात उभं राहून पिकाचा फोटो चढवायचा. २०२४ मध्ये लाडकी बहीण आली. पुढच्या वर्षी तिची ई-केवायसी निघाली, तिच्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला, आणि ज्यांना दोघेही उरले नाहीत अशा बायकांची अडचण झाल्यावर त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. ज्या जिल्ह्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवा गावोगावी आहेत, तिथे ही अडचण कुणाच्या आधीच लक्षात का आली नाही? २०२५ मध्येच शेतकरी ओळख क्रमांक आला, आणि सीसीआयला (कापूस महामंडळाला) हमीभावाने कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी आली. प्रत्येक वेळी तेच आधार, तोच सातबारा, तेच पासबुक, तोच अंगठा. देशातलं पहिलं आधार सप्टेंबर २०१० मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिलं गेलं होतं. तेव्हापासून आजपर्यंत या राज्यातल्या गरीब माणसाने आपली माहिती किती वेळा आणि किती ठिकाणी दिली, याची नोंद त्याच्याजवळ नाही आणि देणाऱ्याला ती मागायची सोयही नव्हती.

कायद्याने ही सोय पहिल्यांदा दिली आहे, आणि ती लहान गोष्ट नाही. माहिती घेणाऱ्याने आधी सांगायचं की काय घेतोय, कशासाठी घेतोय आणि तक्रार कुठे करायची. संमती मोकळेपणाने, नेमक्या कामासाठी, समजून-उमजून दिलेली हवी. तिच्यावर भलती अट नको. एका कामाला घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरायची नाही. काम संपलं की ती काढून टाकायची. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे, आणि ती खरोखर दिली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर आहे. आपली कोणती माहिती कुणाजवळ आहे हे विचारण्याचा, चुकीची असेल तर दुरुस्त करून घेण्याचा, नको असेल तर खोडायला लावण्याचा हक्क माणसाला आहे. आपल्यामागे हे हक्क कुणी वापरावेत ते नाव देऊन ठेवण्याचीही तरतूद आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एक निकाल आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमुखाने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या नऊ जणांत न्या. धनंजय चंद्रचूड होते आणि आपल्या नागपूरचे न्या. शरद बोबडे होते. दोघांनीही स्वतंत्र निकालपत्रं लिहिली. पुढे मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती राहिलेले बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये अहवाल आणि मसुदा दिला. २०१९ चं विधेयक संसदेच्या संयुक्त समितीकडे जाऊन २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं आणि २०२३ मध्ये आजचा, बराच आटोपशीर कायदा आला. नियम त्याहून दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्यांनुसार व्यक्तीचे बहुतेक हक्क आणि माहिती घेणाऱ्यांच्या बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिने, म्हणजे मे २०२७ पर्यंतचा काळ दिला आहे.

सूचना कोणत्या भाषेत मिळावी याबद्दल कायदा स्पष्ट आहे: इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी जी माणसाला हवी त्या भाषेत. मराठी त्यात आहे. म्हणजे बँकेच्या, ॲपच्या, विमा कंपनीच्या इंग्रजी पानाखाली डोळे झाकून अंगठा उमटवायचे दिवस निदान कागदावर संपायला हवेत. पण मारेगाव, झरी, केळापूर या भागातल्या कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, बोलली जाणारी कोलामी त्या अनुसूचीत नाही, गोंडीही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन सुरू झाल्यापासून कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या राज्यातल्या तीन आदिम जमातींसाठी सर्वेक्षणं, आधार शिबिरं, घरकुलाच्या याद्या सुरू आहेत. सगळ्यात जास्त माहिती ज्यांची गोळा होते आहे त्यांच्या भाषेत ती सूचना देण्याचं बंधन कुणावर नाही. पोडावर जाणाऱ्या ग्रामसेवकाने किंवा आशाताईने दोन मिनिटं थांबून, कोलामी येणाऱ्या माणसाकडून ते समजावून सांगितलं तर काम होईल. त्यासाठी दिल्लीच्या दुरुस्तीची वाट पाहायला नको.

आता या कायद्याची खरी अडचण. संमतीचे इतके सुंदर नियम ज्या सरकारी कामांसाठी मारेगावचा माणूस रोज रांगेत उभा राहतो, त्या कामांना फारसे लागू होत नाहीत. अनुदान, लाभ, सेवा, दाखला, परवाना देण्यासाठी सरकारजवळ आधीपासून असलेली माहिती सरकार नव्याने संमती न घेता वापरू शकतं. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला कायद्यातून जवळजवळ पूर्ण सूट देऊ शकतं. सरकारला मिळणाऱ्या अशा सवलतींवर न्या. श्रीकृष्णांनी स्वतः जाहीर टीका केली होती, आणि मला ती रास्त वाटते. अनुदानासाठी दर वेळी संमती मागावी असं माझं म्हणणं नाही. पोटाला हवं असलेलं धान्य समोर ठेवून घेतलेली संमती तशीही मोकळी नसते. म्हणणं एवढंच की जिथे माणसाला नाही म्हणताच येत नाही, तिथे घेणाऱ्यावरची बंधनं अधिक कडक हवीत. लाभाच्या कामात लागेल तेवढीच माहिती घ्यावी, ती बरोबर ठेवावी, सुरक्षित ठेवावी आणि विचारायला कुणाकडे जायचं ते सांगावं, असे मापदंड नियमांच्या परिशिष्टात आहेत. तालुक्याच्या माणसाला या कायद्यात सगळ्यात उपयोगी पडेल ते हे दुर्लक्षित परिशिष्ट.

ऑनलाइन केंद्रावरचा पोरगाही इथेच येतो. तो सरकारी योजनेचं काम सरकारच्या वतीने करतो तेव्हा त्याच्या हातून झालेल्या चुकीला ज्याच्यासाठी काम झालं तो जबाबदार, असं कायद्याचं धोरण आहे. म्हणजे केंद्राला स्कॅनर, कुलूपबंद कपाट, जुन्या फायली आपोआप पुसणारी व्यवस्था पुरवणं हे काम त्या पोराच्या खिशातून व्हायला नको. पण तोच पोरगा संध्याकाळी त्याच आधारच्या फोटोवरून कुणाला सिमकार्ड काढून देतो, कर्जाचा अर्ज भरून देतो, तेव्हा तो स्वतःच्या धंद्याचा मालक असतो आणि जबाबदारी त्याचीच असते. शेजारच्या तेलंगणात २०१८ मध्ये जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे अंगठ्याचे ठसे वापरून सिमकार्डं चालू केल्याचं प्रकरण उघडकीला आलं होतं. आपल्याकडेही खरेदीखतावर अंगठे असतात आणि अंगठ्यावर पैसे निघतात.

धंदेवाल्यांना या कायद्याची पहिली ओळख होते ती दंडाच्या आकड्याने. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर केली तर २५० कोटींपर्यंत. माहिती फुटल्यावर कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत. मारेगावच्या मुख्य रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांची वर्षाची उलाढाल मिळवली तरी तिथवर पोचणार नाही. म्हणून ऐकणारा एक तर घाबरतो, नाहीतर हे आपल्यासाठी नाहीच म्हणून सोडून देतो. दोन्ही चुकीचं. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. डेटा संरक्षण मंडळाने दंड ठरवताना चुकीचं गांभीर्य, ती किती काळ चालली, कोणत्या प्रकारच्या माहितीला झळ बसली हे पाहायचं आहे. पण कायद्याला दुकान लहान म्हणून सरसकट माफी नाही. काही वर्गांना काही कलमांतून सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे आहे, तो सरकारने अधिसूचना काढून वापरला तरच.

कृषी केंद्रच घ्या. खताची गोणी घ्यायला शेतकरी पॉस मशीनवर अंगठा देतो, ते अनुदानासाठी. उधारीची वही कागदावर आहे. ती जोवर कागदावरच आहे तोवर या कायद्याच्या बाहेर, पण मोबाइलमधल्या खातेवहीच्या ॲपवर चढली की आत. खरा प्रश्न पुढचा आहे. बियाण्याच्या किंवा औषधाच्या कंपनीचा माणूस येतो आणि 'भागातल्या प्रगतिशील शेतकऱ्यांची यादी' मागतो: नाव, गाव, मोबाइल, किती एकर कापूस, किती एकर सोयाबीन. दुकानदार मित्रत्वाने ती देतो, बदल्यात हंगामाला थोडी जास्त सवलत मिळते. पुढे पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याच्या फोनवर अनोळखी नंबरांची रीघ लागते, आणि त्यातला एखादा नंबर खोट्या अनुदानाची लिंक पाठवणाऱ्याचा असतो. खतासाठी दिलेला मोबाइल नंबर कीटकनाशक खपवायला वापरणं, हे मे २०२७ नंतर शेतकऱ्याला विचारल्याशिवाय करता येणार नाही. दुकानदाराने करायचं ते एवढंच: यादी देण्याआधी विचारावं, नको म्हणणाऱ्याचं नाव काढावं आणि जुने फोटो पुसावेत. यात वकील लागत नाही.

पतसंस्थांचं जरा अवघड आहे. थकबाकीदाराकडे पैसे आहेत की नाहीत ही माहिती काढण्यापुरती मोकळीक कायद्याने कर्ज देणाऱ्याला ठेवली आहे. पण चौकात फोटोसकट फ्लेक्स लावणं, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावं टाकणं ही वसुली नव्हे, ही बदनामी आहे. आणि यवतमाळ जिल्ह्यात कर्जाच्या बदनामीने माणसं काय करून घेतात हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपांनी तर संपर्कयादीतल्या सोयऱ्याधायऱ्यांना फोन करून छळायचा मार्ग काढला होता. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा ॲपांना संपर्कयादी आणि फोटोंना हात लावायला मनाई केली. नवा कायदा त्याच दिशेचा आहे.

आणखी एक जागा आहे जिथे कायद्याचं नाव कुणी घेत नाही: वधू-वर परिचय मेळावे. समाजाच्या मंडळाने काढलेली परिचय पुस्तिका पूर्वी छापील असे, मेळाव्याला आलेल्यांच्याच हाती पडे. आता तीच पीडीएफ होऊन ग्रुपमागून ग्रुप फिरते. मुलीचा फोटो, जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरीचं ठिकाण, वडिलांचा मोबाइल, घरचा पत्ता, शेती किती. लग्न होऊन मूल झालं तरी ती फाइल फिरतच असते आणि त्या नंबरवर रात्री-बेरात्री फोन येत असतात. मुलीने ती पुसायला सांगितली तर मंडळ म्हणतं, आता आमच्या हातात काय आहे? कायद्याचं उत्तर असं: माहिती मंडळाने गोळा केली, तर ती आवरण्याची जबाबदारीही मंडळाची. फिरलेली फाइल परत आणता येत नाही हे खरंच आहे. म्हणूनच फोन नंबर पुस्तिकेत न छापता मंडळाजवळ ठेवणं आणि दोन्हीकडून होकार आल्यावरच देणं, ही जुनी मध्यस्थाची रीत जास्त शहाणपणाची होती.

शाळांबद्दल थोडक्यात. कायद्याने १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानलं आहे, त्यांची माहिती घ्यायला आईवडिलांची पडताळलेली संमती लागते आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला बंदी आहे. विद्यार्थ्यांच्या अपार ओळखक्रमांकासाठी शाळांनी पालकांकडून संमतीचे फॉर्म भरून घेतले तेव्हा, नाही म्हटलं तर चालतं, हे किती पालकांना सांगितलं गेलं?

या कायद्यात मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट माहितीच्या अधिकाराची आहे. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ मध्ये, देशाच्या तीन वर्षं आधी लागू केला. अण्णा हजारे यांचं आंदोलन त्यामागे होतं. केंद्राच्या २००५ च्या कायद्यात खासगी माहिती नाकारायला जागा होतीच, पण अट होती: ती माहिती सार्वजनिक कामाशी संबंधित नसावी, किंवा ती दिल्याने उगाच कुणाच्या खासगी आयुष्यात शिरणं होत असावं, आणि मोठं सार्वजनिक हित असेल तर ती द्यायची. शिवाय संसदेला किंवा विधिमंडळाला जी नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं एक फार मोलाचं वाक्य होतं. नव्या कायद्याने हे सगळं काढून टाकलं आणि वैयक्तिक माहिती आहे एवढंच कारण पुरेसं केलं. सार्वजनिक हिताचं वेगळं कलम अजून शाबूत आहे, असं सरकार सांगतं, आणि ते खरं आहे. पण आता ते हित सिद्ध करण्याचा भार अर्जदाराच्या खांद्यावर आहे. क्रम पाहा: नागरिकाचे हक्क मे २०२७ मध्ये येणार, पण माहितीच्या अधिकारातला हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्येच लागू झाला. रोजगार हमीच्या हजेरीपटावर खोटी नावं आहेत का, घरकुल खरोखर गरजूला मिळालं का, हे नावांशिवाय तपासता येत नाही. रोजगार हमी ज्या राज्यात जन्मली त्या राज्याने तरी हे बोलायला हवं.

नावांचं मोल काय असतं हे या जिल्ह्याने फवारणीच्या विषबाधेत पाहिलं. २०१७ च्या हंगामात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जण दगावले. कोण आजारी पडलं आणि कोणतं औषध फवारताना, हे पोलिसांच्या नोंदींत उतरलं होतं, म्हणून २०२० मध्ये जिल्ह्यातल्या ५१ कुटुंबांची सिंजेंटा या स्विस कीटकनाशक कंपनीविरुद्धची तक्रार स्वित्झर्लंडपर्यंत पोचू शकली. रुग्णाची माहिती खासगी म्हणून बंद पेटीत गेली असती तर ती त्या रुग्णाच्याच कामी आली नसती. शेतकरी आत्महत्यांच्या याद्यांचंही तेच. पात्र किती, अपात्र किती, मदत कुणाला नाकारली आणि का, हे नावागावासकट तपासणाऱ्या पत्रकारांनी आणि कार्यकर्त्यांनी विदर्भाचा प्रश्न देशापुढे ठेवला. २०१८ आणि २०१९ च्या मसुद्यांत पत्रकारितेला सूट होती, २०२३ च्या कायद्यात ती नाही.

पण मग जळक्याच्या बाईंचं काय? त्यांचंही नाव चांगल्या कामासाठीच घेतलं गेलं होतं. मला वाटतं फरक इथे आहे. सरकारने काय केलं, कुणाला दिलं, कुणाला नाकारलं ही माहिती लोकांची आहे, तिच्यात लाभार्थ्याचं नाव आलं तरी. त्या घरात नंतर कोण रडलं, मुलीच्या लग्नाला कर्ज कुणी दिलं, सून का निघून गेली, हे त्या घराचं आहे. तहसीलची यादी उघडी राहावी आणि घराचं दार बंद राहावं. आजचा कायदा नेमका उलट्या बाजूने झुकला आहे, असं माझं मत आहे. न्यायालयात याचा निकाल अजून लागायचा आहे.

दुसरी उणीव भरपाईची. माहिती फुटल्यामुळे एखाद्याचं खातं रिकामं झालं, तर या कायद्याखाली कंपनीला झालेला दंड सरकारच्या तिजोरीत जातो. ज्याचं नुकसान झालं त्याला त्यातून काहीच मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं जुनं कलम ४३अ हा कायदा काढून टाकतो. उलट खोटी तक्रार केली तर नागरिकालाच दहा हजारांपर्यंत दंड आहे. खोटेपणा कुणी करू नये हे मान्य. पण ज्याला ऑनलाइन तक्रार लिहिता येत नाही त्याला या वाक्याची भीती वाटते, आणि भीतीने तो गप्प बसतो. डेटा संरक्षण मंडळ दिल्लीच्या परिसरात बसणार, काम सगळं ऑनलाइन चालणार. म्हणजे माहिती चुकीच्या हाती गेली म्हणून तक्रार करायची, तर ती करायलाही मारेगावच्या माणसाला पुन्हा त्याच ऑनलाइन केंद्रावर, त्याच पिशवीतलं आधार काढून उभं राहावं लागेल. तालुका विधी सेवा समितीने या तक्रारी लिहून देण्याचं काम अंगावर घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

मे २०२७ पर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. आधारची पहिले आठ अंक झाकलेली प्रत आजही काढता येते आणि बऱ्याच ठिकाणी ती पुरते. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयाने झेरॉक्स कुणालाही देऊ नका असं पत्रक काढलं होतं. लोक चुकीचा अर्थ लावतील म्हणून ते दोन दिवसांत मागे घेतलं गेलं, पण त्यातला सल्ला योग्यच होता. अंगठ्याचा वापर कुलूपबंद करता येतो, त्यासाठी १९४७ वर विचारता येतं. पैसे गेले तर पहिल्या तासाभरात १९३० ला फोन करावा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

या पुस्तिकेची पुढची पानं या क्रमाने लावली आहेत. आधी ऑनलाइन केंद्र, मग कृषी केंद्र आणि पतसंस्था, मग दवाखाना आणि शाळा, आणि सरकारी योजनांचं प्रकरण सगळ्यात मोठं. कलमांचे क्रमांक मजकुरात घुसडलेले नाहीत. काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला ते लागत नाहीत. ते अर्जांच्या नमुन्यांत दिले आहेत: माझी कोणती माहिती तुमच्याजवळ आहे ते सांगा, ही चुकीची आहे दुरुस्त करा, हे पुसा. नमुने एका पानावर एक असे, मोठ्या टायपात आहेत. फाडून घेऊन, नाव-गाव भरून, तसेच देता येतात. अर्ज दिल्यावर त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का मात्र मागून घ्यावा.